गावदेवीच्या नारळाची कोचीवरील स्वारी

श्रीगावदेवीचे चरणी मस्तक ठेवून लिहिणार लिहितो. थोर थोर स्वाऱ्यांची वर्णने पुष्कळांनी केली, हत्ती किती नि तोफा किती तेही मांडून ठेविले. परंतु एका नारळाने भिवंडी प्रांतातून कूच करून, कशेळीची खाडी उतरून, आकाशमार्गे कोची मुलूख सर केला, त्याची दाद कोणी घेतली नाही. सबब, पुढील पिढ्यांनी आम्हांस कोणी सांगितले नाही असा बोल लावू नये, म्हणोन हा मजकूर जैसा घडला तैसा, पदरचे मीठ बेताने घालून लिहिला आहे. जाणत्यांनी कमीजास्त सांभाळून घ्यावे.

शेलार मुक्कामी वज्रचुडेमंडित सौभाग्यवती द्रौपदीबाई, राजश्री केसरीनाथरावांचे कुटुंब, नांदत होत्या. पूर्वी या घराण्याची भातशेतीवर हुकूमत होती. मग शेतांवर गोदामे उभी राहिली आणि बाईसाहेब पूर्णा येथील एका गोदामात खोकी भरण्याचे मनसबीवर रुजू जाहल्या. त्यांस एकच कन्या, वैशालीबाई, शाळेत जीवशास्त्र शिकविणारी. जावई कुमारराव कोचीस गोदीत चाकरीस, म्हणोन कन्येचा संसारही तिकडेच. मागील खेपेस कन्येचे दारी आलेले सुख अर्ध्या वाटेवरून परत गेले. तेव्हा ओटीस आपल्या गावदेवीचा नारळ पोचविणे राहून गेले होते, गोदामाने रजा दिली नव्हती. हे शल्य बाईंनी कोणास बोलून दाखविले नाही. खोक्यांवर चिकटपट्टी मारता मारता डोळे तेवढे पुसले. आता पुन्हा सातवा महिना लागला आणि बाईंनी पण केला की, नोकरी राहो अगर जावो, देवीचा नारळ आपल्या हाताने लेकीचे पदरात घालीन.

केसरीनाथरावांनी अर्जदास्त केली की, कोचीस नारळ घराच्या पायरीवर पडतात, तेथे इकडून नारळ नेणे हा कोठला शहाणपणा. त्यावर बाईंचे फर्मान निघाले : "तिकरचा नारळ तिकरच्या देवाचा. माज्या पोरीला आपल्या देवीचा पायजे. बाकी काय बोलू नका."

निघण्याचे दिवशी सकाळी देवीपुढचा नारळ आणून, हळदकुंकू लावून, पाटावर ठेविला आणि मसलतीस तीन खासे बसले. तिसरे राजश्री लडकूभावजी, रावांचे धाकटे बंधू, टेम्पोचे सारथी. हे एकवार विमानाने जाऊन आले होते आणि तेव्हापासून जमिनीवरच्या माणसांशी वरूनच बोलत. सवाल असा पडला की, नारळ हातातल्या पिशवीत न्यावा की विमानाचे पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत न्यावा.

लडकूभावजी म्हणाले की, हातातला नारळ विमानतळावर जप्त होतो, शेंडीचा नारळ पोटात चालतो, आपण डोळ्यांनी पाहिले आहे. केसरीनाथराव मोठ्या बॅगेकडेच झुकले, परंतु निराळ्या कारणाने. हातातली पिशवी मशीनमधून जाते, आणि मशीन या जातीवर रावांचा तिळमात्र भरवसा नव्हता. दर निवडणुकीस ते सर्वांआधी रांगेत उभे राहत, शाई लावलेले बोट चार दिवस मिरवीत, आणि त्याच बोटाने चौकात सांगत की, दाबावे एक नि निघावे दुसरे. देवीचा नारळ मशीनमध्ये घातला तर पलीकडून काय निघेल याची हमी कोण देणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

द्रौपदीबाईंनी दोघांस हसून घेतले. झडतीच्या शास्त्रात त्यांचा हात धरील असा त्या घरी कोणी नव्हता. रोज संध्याकाळी गोदामाचे दरवाजावर हात वर, चपला काढ, डबा उघड, गिरकी घे, असा त्यांचा शिरस्ता. त्या म्हणाल्या : "आत शिरताना मला आजवर कोनी हात लावला न्हाय. झडती भायेर निघताना. चोर काय वस्तू घेऊन आत येतो काय? तपासतील ते कोचीला, उतरल्यावर. तितं मी बगते." युक्तिवाद बिनतोड होता, परंतु तेवढ्यावरून मत बदलावे, ऐसी चाल त्या घराण्यात नव्हती.

मग ठरले की मतदान घ्यावे. हातपिशवीस तांदूळ, मोठ्या बॅगेस उडीद, ज्याने त्याने मूठ झाकून एक दाणा डब्यात टाकावा. मतदान शांततेत पार पडले. बाईंनी डबा ताटात पालथा केला, तो दोन तांदूळ आणि दोन उडीद! केसरीनाथराव उसळून उभे राहिले : "मानसं तीन नि मतं चार! मी म्हनत व्हतो का न्हवतो?" बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी खुलासा केला की, दुसरा तांदूळ वैशालीचा. ओटी तिची, मग तिला मत नको काय? आणि समसमान मते पडली असता डबा ज्याचे घरचा त्याने निकाल द्यावा, डबा आपले माहेरचा, म्हणोन नारळ हातपिशवीत जाईल. पराभूत पक्षांनी लोकशाहीचा मान राखून मुकाट्याने चहा घेतला आणि पांगले. परंतु वरून चहा गोड लागला तरी आतून दोघेही कडूच होते.

पुढे शेजाऱ्याची गाडी मागून घेऊन, लडकूभावजी लगाम धरून, स्वारी निघाली. कशेळीस पोचते तो पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, दोहों बाजूंस गोदामांची गलबते उभी; फौज जागच्या जागी ठप्प जाहली. अशा समयी माणसास ज्ञानाची भूक लागते. लडकूभावजींनी विषय काढिला की, माणूस माकडापासून झाला, आपण मोबाइलवर पाहिले. केसरीनाथरावांनी सांगितले की, वैशालीने फोनवर निराळेच सांगितले : माणूस माकडापासून नाही, दोघांचा पूर्वज एक. आणि हे तर अधिक भयंकर! पूर्वज एक म्हणजे भावकी जाहली, भावकी जाहली म्हणजे वाटणी आली. गोदामाला जागा विकताना सह्यांसाठी सोळा चुलतभाऊ गोळा करिता करिता आपले कंबरडे मोडले; आता सातबाऱ्यावर माकडे चढली तर सही कोणत्या झाडावर जाऊन घ्यावी? लडकूभावजी म्हणाले की, माकडे चुलतभावांपेक्षा लवकर सही करतील. यावर दोघा बंधूंचे प्रथमच एकमत जाहले. बाईंनी खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हटले की, माणूस माकडापासून झाला असेल नसेल, गोदामात दोन शिफ्ट लागोपाठ केल्या की माघारी जाताना आपण रोज बघतो. मग ट्रेलर हलला.

विमानतळाचे महाद्वारी लडकूभावजींनी निरोप घेतला, कारण तिकिटावाचून आत रिघाव नाही. मोठी बॅग पट्ट्यावर चढून विमानाचे पोटाकडे रवाना जाहली. आणि मग द्रौपदीबाईंनी पुढे पाहिले, तो काय! आत शिरण्याआधीच झडती! परंतु कसलेला शिपाई रणात गोंधळत नाही. त्यांनी चपला काढिल्या, हात आडवे केले आणि अशी तालेवार गिरकी घेतली की, झडती घेणारी शिपाईणही चकित होऊन पुसती जाहली, "आप फोर्स में थीं क्या?"

इकडे मशीन थबकले. पिशवी पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. जमादार आले, पिशवी उघडली, हळदकुंकवाने माखलेला नारळ हाती धरून त्यांनी फर्माविले की, नारियल अंदर नहीं जाएगा. बाईंस धीर द्यावा म्हणोन केसरीनाथराव पुढे सरसावले आणि मोठ्याने म्हणाले : "साहेब, नारियल हाय, बॉम न्हाय!" तो एक शब्द त्या जागी उच्चारू नये हे रावांस ठाऊक नव्हते. क्षणात चोहोंकडून शिबंदी धावली, रावांस बाजूला घेतले, पट्टा सोडविला, खिसे उलटे केले, आणि त्यातून तंबाखूची पुडी नि जुनी मतदानाची पावती यांखेरीज काही निघाले नाही, म्हणोन कडक शब्दांत समज देऊन सोडिले.

मग द्रौपदीबाईंनी हात जोडिले. "साहेब, देवी का हाय. मेरी लेक पोटुशी हाय. पिछले टायमाला न्हाय पोचला. एक बार जाने दो." जमादार माणूस वाईट नव्हता. त्याने नारळ कपाळास लाविला, डोळे मिटले, आणि मग कात्र्या, लायटर, चाकू यांच्या टोपलीत नेऊन अलगद ठेविला. नियम त्याचा नव्हता, टोपलीही त्याची नव्हती. बाई तेथेच बाकावर बसून पदरात तोंड घालून रडल्या, आणि लोक आपापले पट्टे कमरेस बांधीत बाजूने गेले.

एक गोष्ट मात्र बाईंचे नजरेस आली. जो पुरुष जुडीमागे दोन काड्या कमी पडल्या तर भाजीवालीशी घटकाभर भांडतो, तो नवरा या समयी छताचे दिवे न्याहाळीत स्वस्थ उभा होता. बाईंनी मनाशी म्हटले की, याचा हिशेब कोचीला करीन. मग विमान उडाले, ढग खाली गेले, आयुष्यात प्रथमच आभाळ जवळ आले. बाईंनी खिडकीतून पाहिले नाही.

कोचीस उतरून, बॅग घेऊन, दरवाजाशी पोचताच बाई सवयीने थांबल्या, चपला काढिल्या आणि हात वर करून उभ्या राहिल्या. कोणी आले नाही. मागची मंडळी वळसा घालून निघून गेली. एका पहारेकऱ्याने हसून हातानेच, चला, अशी खूण केली. बाहेर पडताना झडतीच नाही, हे पाहून बाईंस विमानतळाची कीवच आली. असल्या कारभारात माल टिकतो कसा, हे त्यांस आजतागायत कळलेले नाही.

दरवाजाबाहेर येताच केसरीनाथरावांनी बॅग खाली ठेविली, चेन उघडली, आणि धोतराचे घडीतून हळदकुंकू लावलेला नारळ काढून बाईंचे हाती दिला. कबुली दिली की, त्या निकालावर आपला विश्वास बसला नाही. सबब चहानंतर देवीचा नारळ हळूच मोठ्या बॅगेत घातला आणि हातपिशवीत हळदकुंकू लावून दुकानचा ठेविला. तेथे बोललो असतो तर हाही टोपलीत गेला असता.

"माजं मत चोरलंत तुमी?" बाई कडाडल्या.

"तू दोन टाकलीस, मी एक फिरवलं. फिटंफाट."

बाईंनी रावांचे पाठीत एक धपाटा हाणिला, नारळ उराशी धरिला, आणि हसता हसता पुन्हा रडू लागल्या. दोहों पक्षांनी लबाडी केली आणि निवाडा मात्र नीट लागला, ऐसे या मुलुखात क्वचित घडते.

दुसरे दिवशी ओटभरण जाहले. अंगणात माडांची रांग, कुमाररावांचे शेजारी कौतुकाने जमलेले, आणि वैशालीबाई हिरवी साडी नेसून पाटावर बसलेल्या. शाळेत मुलांस पृथ्वीवरील जीवांची कुळी शिकविणारी ही कन्या, आई, काही आणू नकोस, माझा या गोष्टींवर विश्वास नाही, असे फोनवर बजावून होती. बाईंनी तांदूळ घातले, खण ठेविला, मग नारळ पदरात सोडिला. कन्येने तो दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळला आणि हमसून हमसून रडू लागली. म्हणाली : "आई, मागच्या वेळी हा नव्हता ना गं."

द्रौपदीबाईंनी पदराने लेकीचे डोळे पुसले. जे शल्य आपण एकट्यानेच वागविले असे त्या समजत होत्या, ते लेकही वागवीत होती.

पंगत उठत असता बाईंचा फोन वाजला. शेलारहून लडकूभावजी बोलत होते. आवाज खालचा, मजकूर असा : वैनी, दादाला सांगू नको. मला तुमच्या त्या मतदानाचा भरवसा न्हवता, हातातला जप्त व्हनार म्हनून. चहा घेताना मी पिशवीतला देवीचा नारळ काढला नि नाक्यावरच्या दुकानचा ठेवला, हळदकुंकू लावून. देवीचा इतं देव्हाऱ्यात सुखरूप हाय. उद्याच पार्सल करू काय?

बाई गॅलरीत उभ्या राहिल्या. रावांनी भावजींनंतर हात घातला होता, म्हणजे टोपलीत गेला तोही दुकानचा आणि पदरात पडला तोही दुकानचा. त्यांनी खोलीत पाहिले. वैशाली खाटेवर कुशीवर निजली होती, एक हात पोटावर आणि एक हात नारळावर. कित्येक महिन्यांनी तिची मुद्रा सैल जाहली होती. बाई कितीक वेळ पाहत राहिल्या. देवीची क्षमा मागावी की भावजींस शिव्या द्याव्या, ते त्यांस सुचेना, आणि मग दोन्ही त्यांनी राहू दिले.

"भावजी," त्या हळू म्हणाल्या, "तुमच्या देव्हाऱ्यात हाय तो दुकानचा. फोडा नि वाटून खा. देवीचा इतं हाय. कळला?"

पलीकडून भावजी म्हणाले, कळला.

आतून वैशालीबाईंनी झोपेतच विचारिले की, आई, कोण गं. बाईंनी फोन बंद केला, आत येऊन तिचे केसांवरून हात फिरविला आणि सांगितले : "लडकूकाका. देवीचा नारळ पोचला का इचारत व्हते. पोचला म्हनून सांगितलं."

येणेप्रमाणे शेलारच्या गावदेवीचा नारळ, मजल दरमजल, कोची मुलुखी सौभाग्यवती वैशालीबाईंचे पदरी दाखल जाहला. मोहीम फत्ते जाहली. लिहिणाराने दोहों ठिकाणी चौकशी केली, आणि बाईंनी सांगितले तेच खरे म्हणोन लिहिले आहे.