दहाव्या गाडीची जागा

"त्यात काय अवघड आहे? नऊ गाड्यांच्या जागेत दहा बसवून दाखवतो!" असं सेक्रेटरींनी सकाळच्या चहालाच बायकोला सांगून टाकलं. एकदा बोलले की मागे हटायचं नाही, हा त्यांचा बाणा. या बाण्यापायी आजवर त्यांनी बरंच सोसलं होतं, पण बाणा सोडला नव्हता!

बायकोने नवी गाडी घेतली होती आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या नऊही जागा भरलेल्या. त्यातली एक खुद्द सेक्रेटरींची. बायको बिचारी रोज दूर गल्लीत गाडी लावून चालत यायची आणि घरात शिरल्यावर अवाक्षर काढायची नाही. त्या शांततेचा सेक्रेटरींनी धसका घेतला होता.

नेमके पट्टे रंगवायचे दिवस आले. रंगारी दरवर्षी जुन्याच फिकट पट्ट्यांवर पांढरा रंग मारून जायचा.

"यंदा जुने पट्टे विसरा!" सेक्रेटरी म्हणाले. टेप घेऊन त्यांनी प्रत्येक गाडीची रुंदी मोजली, आरसेसुद्धा धरले, दोन्हीकडे चार-चार बोटं मोकळी सोडली आणि खडूने खुणा केल्या. रंगाऱ्याने जुन्या पट्ट्यांवर काळा रंग फिरवला आणि खुणांवर पांढरा मारला.

रंग वाळल्यावर रविवारी सगळ्यांना गाड्यांसकट बोलावणं गेलं.

"भिंतीकडे तोंड करून ओळीने लावा! आणि गच्चीवरून वॉचमन फोटो काढेपर्यंत कुणीही उतरायचं नाही!"

गाड्या बसल्या. काडेपेटीत काड्या बसाव्यात तशा दहाच्या दहा! नववी सेक्रेटरींची, दहावी, बाजूच्या भिंतीलगतची, बायकोची. टाळ्या झाल्या, हॉर्न वाजले. बायको चक्क हसली आणि सेक्रेटरींना धन्य वाटलं.

"आता उतरा!"

टक्. ठक्. खाड्!

"अहो डॉक्टर, माझ्या दाराला पोचा पाडलात!"

"मग काय काचेतून बाहेर येऊ?"

मोजमाप घेताना सगळ्या गाड्यांची दारं बंद होती, हे सेक्रेटरींच्या आत्ता लक्षात आलं.

"घाबरू नका! एकाने फक्त गाडी मागे घ्या."

"तुम्हीच घ्या की," पहिल्या गाडीतून खजिनदार म्हणाले.

सेक्रेटरींचा हात गिअरकडे गेला आणि तिथेच थांबला. एक गाडी बाहेर गेली की ओळ सैल होणार, सगळ्यांची दारं उघडणार, आणि मग त्या गाडीला परत आत कोण घेणार? हे बहुधा सगळ्यांना एकदमच सुचलं, कारण दहाही हँडब्रेक करकचून ओढले गेले.

ऊन चढलं. वरच्या बाल्कनीतून मास्तरांच्या आईने हाक मारली, "अरे, पानं घेऊ का?"

"आई, तू जेवून घे! माझं काही खरं नाही!"

वॉचमन खाली आला. "साहेब, फोटो मात्र झकास आलाय."

त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. खजिनदारांनी डोकं खिडकीबाहेर काढलं. "मंडळी, सगळे सभासद हजर आहेत. असा योग पुन्हा यायचा नाही, सभाच उरकून टाकू! ठराव मांडतो. पट्टे पहिल्यासारखे करावेत, आणि ही कल्पना ज्यांची, त्यांनी आपली गाडी आजपासून बाहेर लावावी. अनुमोदन?"

कुणी बोलेना. काही झालं तरी रोज तोंड बघायचं असतं! सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दहाव्या गाडीची काच हळूच खाली आली.

"माझं अनुमोदन," बायको म्हणाली.

"अगं!"

"अगं काय? एवढी छान जागा केलीत माझ्यासाठी, ती काय सोडून देऊ? घ्या गाडी मागे, मी बघते. येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... पार फाटकापर्यंत येऊ द्या!"