पाटे गेले, स्प्रिंगा आल्या

आमच्या शेजारच्या दगाआबांना सायकल येत नाही. स्कूटर येत नाही. देवपुरातून धुळ्याच्या बाजारात जायचं तर ते पायी जातात. पण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एका दांडग्या पिकअप गाडीच्या कुठल्या मॉडेलमध्ये काय बदललं, हे आबांइतकं धुळे जिल्ह्यात कुणालाही सांगता येणार नाही. कुणाला जाणून घ्यायचंही नाही, पण तो मुद्दा वेगळा.

ही गाडी वाळवंटात उधळायला केलेली. खड्ड्यावरून उडते, पलीकडे उतरते आणि पुढे जाते. आपल्याकडे ती मिळत नाही. आबांनी ती प्रत्यक्ष कधीच पाहिलेली नाही. आबा मूळचे सोनगीरचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बोलतात ते अहिराणीत, फक्त सुटे भाग इंग्रजीत.

"जुनीले मांगे पाटा व्हतात," ते गेटाशी उभे राहून सांगतात. "नवीमा पाटा गयात, स्प्रिंगा उन्यात. आते बोला!"

मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे जाऊन स्प्रिंगा आल्या, यावर काय बोलणार? मी दुधाची पिशवी घेऊन निघालेलो असतो.

"वरथून तीच शे, मझारथून बठ्ठी बदलनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वरून तीच, आतून सगळी बदलली. हे ते गाडीबद्दल म्हणतात, तसंच महापालिकेबद्दल आणि रंग दिलेल्या बसस्टँडबद्दलही. बसस्टँडच्या बाबतीत फक्त उलटं म्हणतात. माझी बायको सुनंदा एकदा केस कापून आली, तर आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जाळी बदलनी, इंजिन तेच." सुनंदा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आबांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या आठवड्यात टायर दोन इंचांनी मोठे झाल्याची बातमी आली होती.

सोनगीरला पुतण्याच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना मांडवाबाहेर नेऊन किल्ल्याकडे बोट दाखवलं. व्याह्यांना वाटलं, इतिहास सांगणार. आबा म्हणाले, "हाऊ चढ जुनी गाडी चढी जाई. पन उतरताना नवीच पाहिजे." व्याही पंगत संपेपर्यंत आबांपासून दोन पानं लांब बसले.

आता हे खूळ लागलं कुठून, ते सांगतो. आबांचा एकुलता एक मुलगा, नीलेश, अमेरिकेत नोकरीला आहे. अजून एकटाच. आबांच्या पत्नी अक्का होत्या तोवर रविवारचा फोन अक्काच करायच्या. आबा मागे उभे राहून डोकावायचे. अक्का गेल्या आणि फोन आबांच्या हाती आला. भिंत पातळ आहे, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं. "थंडी शे का?" "शे." "भू शे?" "भू शे." भू म्हणजे खूप. मग, "बरं, ठेवू?"

एका रविवारी मात्र नीलेशने सांगितलं की त्याने ती पिकअप घेतली. आणि मुलगा बोलायला लागला. तासभर बोलला. आबांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण फोन ठेवून ते थेट आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "भाऊ, शॉकअप म्हंजे काय?" त्या दिवसापासून आबांचा अभ्यास सुरू झाला, आणि रविवारी भिंतीपलीकडून स्प्रिंगांचा वाद ऐकू येऊ लागला.

यंदा नीलेश आला. अंगाने भरलाय, कानाजवळ केस पिकलेत. पहिले दोन दिवस बापलेक ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. समोरासमोर पाहून बोलायची सवय नव्हती बहुतेक. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांना जेवायला बोलावलं. शेवभाजी होती. बोलणं काढावं म्हणून सुनंदा म्हणाली, "नीलेश, तुझ्या त्या गाडीचा फोटो तरी दाखव रे. ऐकून ऐकून आमचे कान किटले."

नीलेशचा घास हातात राहिला. "काकू, ती गाडी मी केव्हाच विकली."

"अरे! मग दर रविवारी जे चालतं, ते?"

त्याने आबांकडे पाहिलं नाही. ताटाकडे बघत म्हणाला, "आबांना फार आवडतं म्हणून. शनिवारी वाचून ठेवतो. नवीन मॉडेलमध्ये काय आलंय, काय गेलंय."

सुनंदाने वाढायला उचललेला डाव तसाच धरून ठेवला. मी पाणी प्यायलो. आबा भाकरी चुरत होते, ते थांबले. मला वाटलं, आता हे उठून जाणार.

"मंग आते कोनती शे?" आबांनी विचारलं.

"लहान शे, आबा. साधी."

"मांगे पाटा का स्प्रिंगा?"

"माहीत नही," नीलेश म्हणाला. आणि मग हळूच, "तुम्हले इतल्या गाड्या आवडतीस, माले वाटनं, विकी टाकी हाई कसं सांगू?"

"माले?" आबा खरोखर चकित झाले. "माले तं गाडी लागस रे. सोनगीरलोंग जावानं तरी खिडकी पाहिजे. तू बोलस म्हनीसन मी वाचस."

नीलेश हसायला लागला. सुनंदा हसली, मीही हसलो. आबा तेवढे हसले नाहीत. ते मुलाकडे बघत होते, सरळ, तोंडावर, तीन दिवसांत पहिल्यांदाच. हसणं ओसरल्यावर त्यांनी भाजीची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि विचारलं,

"तठे तू एकलाच जेवस का रे?"

नीलेशने वाटी जवळ घेतली. मग म्हणाला, "हा, आबा."

"मी भी," आबा म्हणाले, आणि दोघं जेवायला लागले.