पहिल्याच वळणावर बनलेलं मत

एखाद्या वस्तूबद्दल मत द्यायचं तर ती वस्तू वापरावी लागते, हा समाजात खोलवर रुजलेला गैरसमज आहे. वापरल्याने मत बनत नाही; असलेलं बिघडतं. मी घरगुती उपकरणांच्या एका मासिकात 'प्रथमदर्शनी' नावाचं सदर लिहायचो आणि हे तत्त्व मी शेवटपर्यंत निष्ठेने पाळलं. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, पाठ चेपणारी एक खुर्ची (हिचा प्लग आमच्या भिंतीत बसला नाही, तरीही हिच्यामुळे कंबरेला आराम पडतो असं मी लिहिलं, आणि पुष्कळ वाचकांना तो पडला) अशा असंख्य वस्तू माझ्या नजरेखालून गेल्या. हाताखालून गेलेल्यांची संख्या थोडी कमी भरेल.

त्यामुळे गाड्यांच्या शर्यतीचा एक अत्यंत वास्तववादी व्हिडिओ गेम बाजारात येण्याआधी आमच्याकडे तपासायला आला, तेव्हा संपादकबाईंनी तो खोका सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"तुम्हीच घ्या हा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गाडीतलं कळतं."

हे त्यांना मासिकाची पानं लावणाऱ्या आमच्या मांडणीकाराने सांगितलं असावं. तो मला रोज संध्याकाळी आपल्या गाडीतून घरी सोडतो. गिअर कधी बदलावा, आरशात किती बघावं, पुढच्या ट्रकवाल्याच्या मनात काय चाललंय, हे सगळं मी त्याला वाटेत सांगत असतो. अलीकडे तो गाणी फार मोठ्याने लावतो. इंजिनात काही बिघाड असेल, तो लपवत असेल.

परवाना माझ्याकडे आहे. तो मी ऐन पंचविशीत काढला आणि चांगल्या वस्तू जपून ठेवाव्यात म्हणून आजवर फारसा वापरला नाही. घरची गाडी बायको चालवते. ती रेडिओ केंद्रावर बातम्या वाचते. सकाळचं पहिलं बातमीपत्र तिचं असतं, त्यामुळे रस्त्यावरचे दिवे मालवायच्या आत तिला घर सोडावं लागतं. तिने एकही बातमीपत्र कधी चुकवलेलं नाही. ही गोष्ट ती कुणाला सांगत नाही, आम्हीच सांगतो.

खोक्यातून एक स्टिअरिंग, तीन पॅडल आणि पुष्कळ वायर निघाली. ते सगळं पेलेल असं घरात एकच टेबल होतं, जेवणाचं. स्टिअरिंग माझ्या ताटाच्या जागी आवळून बसवलं, पॅडल खाली गेली आणि बाकीचं कुटुंब सोफ्यावर जेवू लागलं. आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई कानाने थोड्या कमी आहेत, डोळ्यांनी मुळीच नाहीत. त्यांनी मला दोन दिवस निरखलं आणि लेकीला विचारलं, "जावईबापूंनी ड्रायव्हरची नोकरी धरली का गं?"

"नाही गं आई, खेळतायत ते."

"बरं झालं. नोकरी झेपली नसती."

गेमच्या वास्तववादाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी बाकीच्या गाड्या शर्यत संपवून परत आल्या तरी माझी सुरुवातीच्या रेषेवरच होती. क्लच सोडला की गचका देऊन बंद पडायची. खरी गाडी माझ्या हाती लागली की नेमकं हेच करते. यापेक्षा हुबेहूब काय असणार? ('गाडीचा स्वभाव अचूक पकडला आहे,' असं मी टिपून ठेवलं.) पुढे ती सुटायला लागली आणि मी पहिल्या वळणापर्यंत पोचू लागलो. ते वळण उजवीकडे आहे. त्याच्या डावीकडे गवत आहे. त्या गवताबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण इतर खेळाडूंना ते नुसतं ओझरतं दिसतं. पातं न् पातं वेगळं काढलंय. कुंपणापाशी छत्री घेऊन बसलेला एक प्रेक्षक आहे. माझी गाडी दिसली की तो छत्री मिटून मागे सरकतो. आधी मी याला योगायोग समजत होतो.

शिवाय कानात एक प्रशिक्षिका बोलत असते. "वळणाआधी ब्रेक लावा," असं ती सुरुवातीला हसतमुखाने सांगायची. मग "ब्रेक जरा आधी लावता येईल का?" असं विचारायला लागली. त्यानंतर नुसतं "हं" म्हणायची. शेवटी तिने बोलणं टाकलं. यंत्रात इतका मानवी स्वभाव उतरवणं सोपं नाही.

आमची मुलगी कॉलेजात आहे. तिच्याकडे शिकाऊ परवाना आहे आणि रविवारी ती आईबरोबर गाडी शिकते. एकदा ती चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, तू वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतोयस. आधी दाब."

"ही खऱ्या रस्त्याची सवय आहे," मी म्हणालो. "तुला नाही कळायचं."

"बरं. मग ते 'मदत' नावाचं आहे ना, ते तरी चालू कर."

'मदत' या शीर्षकाखाली बऱ्याच सोयी होत्या. ब्रेकची मदत घेतली की ब्रेक आपोआप लागे. गिअरच्या मदतीने गिअर पडत. दिशेच्या मदतीने गाडी गवताकडे बघेनाशी झाली. सगळ्यात खाली 'संपूर्ण मदत' होती. ती घेतल्यावर स्टिअरिंग माझ्या हातात आपलं आपण फिरू लागलं. माझं काम एवढंच की हात काढायचे नाहीत, ते बरोबर फिरू द्यायचे. मी पहिला आलो. पडद्यावर माझ्या चालकाने हेल्मेट काढून करंडक उंचावला. तो एक क्षण माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं, पण मी लगेच लिहायला बसलो.

सदर उत्तम उतरलं. 'ज्याच्या हाती हा गेम बसला, त्याला खऱ्या रस्त्यावर अवघड असं काही उरत नाही,' हे त्यातलं वाक्य संपादकबाईंनी चौकटीत छापलं. बायकोनेही वाचलं. ती माझं लिहिलेलं सहसा वाचत नाही, पण हे वाचलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय हो. खरंच जमायला लागलं का तुम्हाला?"

"जिंकलो मी," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलाखालच्या वायरीत तिचा पाय अडकला आणि ती मनगटावर पडली. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता विचारलं, "कसं झालं हे?"

"गाड्यांच्या शर्यतीत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे आदराने पाहिलं आणि प्लास्टरचा शेवटचा हात जरा जास्तच गुळगुळीत फिरवला.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला: सकाळी गाडी कोण चालवणार? बातम्या वाचायला मनगट लागत नाही, पण केंद्रावर पोचायला लागतं. मुलीला चालवता येते, पण शेजारी हँडब्रेक ओढू शकेल असा परवानाधारक माणूस बसलेला हवा. बायको म्हणाली, "टॅक्सी बोलावते."

"मी घरात असताना टॅक्सी?"

तिने खुंटीवरची गाडीची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "बरं."

तिचं 'बरं' हे बातम्यांमधल्या 'अधिक तपशिलाची प्रतीक्षा आहे' याच्यासारखं असतं. पण तिने ते म्हटलं, कारण तिने माझं सदर वाचलं होतं. माझी चूक झाली ती तिथेच. ते मी चांगलं लिहिलं होतं.

सकाळी निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी बायको, मागे मुलगी. ती आपण होऊन आली होती. ("सहज," म्हणाली.) फाटकापाशी गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. रखवालदार झोपेतून उठला आणि आपली खुर्ची उचलून आत गेला. मी घाईने गिअर टाकला तो मागचा पडला.

"आताच हाती आलेल्या वृत्तानुसार," बायको शांतपणे म्हणाली, "खांब आपल्या मागे आहे."

खांबाची आणि आमची ओझरती भेट झाली, पण पुढचा रस्ता मोकळा मिळाला. रिकाम्या रस्त्यावर माणसाला स्वतःबद्दल काय काय वाटू लागतं! मी तिसरा गिअर टाकला. तो पडला. चौथा टाकला, तोही पडला. मला गाणं म्हणावंसं वाटलं.

"पुढे गोल चौक आहे," बायको म्हणाली.

"माहीत आहे. अशा वळणाला बाहेरून आत शिरायचं आणि आतून बाहेर पडायचं. वेग राहतो."

"आपल्याला वेग नकोय हो. केंद्र हवंय."

मी बाहेरून आत शिरलो. ठरल्या जागी स्टिअरिंग सैल धरून वाट पाहिली. ते फिरलं नाही. मग मी सगळ्या ताकदीने ब्रेक दाबला आणि तो क्लच निघाला. चौकाच्या मधोमध जे वाहतूक बेट असतं, त्याच्या कठड्यावरून गाडी वर चढली, झेंडूच्या दोन वाफ्यांतून गेली आणि 'फुले तोडू नयेत' या पाटीला टेकून थांबली. पाटी हळूहळू आडवी झाली.

कानात कुणी काही बोलेल म्हणून मी क्षणभर थांबलो. कुणी बोललं नाही. मग माझ्या लक्षात आलं की छातीसमोर काहीतरी पांढरं आडवं आहे. तो बायकोचा प्लास्टरमधला हात होता. गाडी वर चढताना तिने तो मला सावरायला पुढे घातला होता. मोडलेला हात.

"लागलं का कुठे?" तिने विचारलं. हा बातम्यांचा आवाज नव्हता, घरातला होता.

"नाही," मी म्हणालो. "तुला?"

"नाही. मग उतरा आता."

मुलगी चालकाच्या जागी बसली, बायको मागे गेली आणि मी शेजारी. आता मी कायद्याने आवश्यक अशी वस्तू होतो: परवाना, माणसासह. पोरीने सीट पुढे घेतली, आरसा हलवला आणि मागे वळून नीट पाहिलं. वाफा, कठडा, रस्ता अशा क्रमाने तिने गाडी एका दमात खाली उतरवली. स्टिअरिंग थोडं आधी फिरवायला हवं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"अहो," मागून आवाज आला. एवढंच.

मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीत गप्प बसून रस्ता पाहिला. पोरगी काही विशेष करत नव्हती. वळणाआधी पाय अलगद ब्रेकवर जायचा आणि वळण येऊन निघून जायचं. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मला फार एकटं वाटलं.

केंद्राच्या दारात बायको उतरली आणि चपलांना चिकटलेल्या चिखलासकट आत धावली. आम्ही दोघं गाडीतच बसलो. मुलीने रेडिओ लावला. वेळेचे ठोके पडले. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही आणि पोरीने माझी बाही घट्ट धरली. मग तो आवाज आला, नेहमीसारखा सपाट, जणू आत्ताच चहा पिऊन निवांत येऊन बसलाय. देशाच्या बातम्या झाल्या, परदेशाच्या झाल्या, हवामान झालं.

"आणि शेवटी वाहनचालकांसाठी सूचना. मुख्य रस्त्यावरील गोल चौकातील वाहतूक बेटावर आज सकाळी एक मोटार चढल्याने फुलझाडांचं नुकसान झालं. वाहतूक सुरळीत आहे. चालक सुखरूप असून त्याचं नाव समजू शकलेलं नाही."

मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. बायकोने मला आजवर पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण त्या सकाळी नाव न घेऊन तिने जे केलं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाव मी स्वतःच उद्यान विभागात जाऊन सांगितलं आणि माळीबुवांच्या देखरेखीखाली नवी रोपं लावून दिली. (रोपांबद्दल माझं काही मत नाही. त्यांनी विचारलंही नाही.) मग कार्यालयात येऊन घडलं ते सगळं, गवतापासून झेंडूपर्यंत, लिहून संपादकबाईंपुढे ठेवलं आणि सदराचा राजीनामाही दिला.

बाईंनी दोन्ही वाचलं. "हे छापलं तर लोक आधीच्या मिक्सरांबद्दल विचारतील," त्या म्हणाल्या. तरी छापलं.

मिक्सरबद्दल कुणी विचारलं नाही. बायकोच्या मनगटाची चौकशीही कुणी केली नाही. पत्रं मात्र ढिगाने आली आणि सगळ्यांचा विषय एकच होता: त्या चौकात ब्रेक नेमका कुठे लावायला हवा होता. एकाने आकृती काढून पाठवली. एकाने चाकातल्या हवेपासून सुरुवात केली. त्यांच्यातल्या कुणीही तो चौक कधी पाहिलेला नव्हता.

तुम्ही हसू नका. गाडी कठड्याकडे निघाली तेव्हा तुमचाही उजवा पाय जमिनीवर दाबला गेला आणि 'याला साधा ब्रेक सापडू नये?' असं मनात येऊन गेलं. 'प्रथमदर्शनी'ची जागा रिकामी आहे. वस्तू हाताळण्याची अट नाही. अर्ज करायचीही गरज नाही, तुमची नेमणूक झाली असंच आम्ही धरून चाललो आहोत. कारण या कथेबद्दलचं तुमचं मत पहिल्या परिच्छेदातच तयार झालं होतं, आणि तिथून इथपर्यंत स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं.