शालिकला भरलेलं चालत नाही

आमच्या शालिकरामनं लग्नात सासऱ्यानं दिलेली गादी मांडवातच उसवली होती. वऱ्हाड जेवायला बसलेलं, नवरी पाहुण्यांत बसलेली, अन् हा नवरदेव कात्री मागत फिरत होता. सासरा धावत आला.

"जावईबापू, हे काय करून राह्यले?"

"रिकामी करून राह्यलो. भरलेली वस्तू मी घेत नसतो."

कापूस चांगला निघाला. शालिकनं तो परत भरला अन् स्वतःच्या हातानं टाके घातले. अंगावर पांढरे कपडे होते म्हणून कापूस दिसला नाही, एवढीच त्या दिवशी अब्रू राहिली. पण गादी मधातून अशी उंच झाली, की झोपेत नवरा एकीकडं घरंगळे अन् बायको दुसरीकडं. चंद्रभागावहिनी हे मरेपर्यंत सांगत होती, अन् सांगताना हसत होती.

याचं मूळ कारण वजनकाटा. शालिक घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होता. कापसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, माल उतरला की रिकामी तोलायची, अन् दोन्हीतला फरक तो कापूस. उभी हयात हेच पाहिल्यानं त्याच्या डोक्यात एक पक्कं बसलं. मला म्हणतो, "किसन्या, रिकामी गाडी पाह्यल्याबिगर भरल्या गाडीचं काई खरं नसते." हे तो गाडीबद्दल बोलत नाही. सगळ्या दुनियेबद्दल बोलतो.

माझी त्याची ओळखही काट्यावरच झाली. मी कापूस घेऊन गेलतो, गाडीवर बसून होतो. तो खिडकीतून ओरडला, "उतर खाली! तुहं वजन कापसात धरत नाई!" मी म्हटलं, मी माझ्या गाडीवर बसीन नाही तर झोपीन. तो म्हणे मी काटा करत नाही, मी म्हणे मी उतरत नाही. मागं गाड्यांची रांग लागली, लोक शिव्या द्यायला लागले. शेवटी त्यानं तोडगा काढला, की दोन्ही वेळा मी गाडीवरच बसायचं. भरल्यावरही मी, रिकामी झाल्यावरही मी. हिशेब बरोबर निघाला अन् दोघांचीही मान वर राहिली. तेव्हापासूनची दोस्ती. पुढं मी त्याच्या शेजारीच घर बांधलं, भांडायला लांब जावं लागू नये म्हणून.

तर असा हा शालिक. चहापत्तीचा पुडा आणला की ताटात ओतून पाहतो. डॉक्टरनं कॅप्सूल दिली तर ती उघडून आतली पूड वाटीत काढली, हुंगली, परत भरली. डॉक्टर म्हणाले, काका, अशानं ताप कसा उतरणार? हा म्हणे, उतरन, पण मले माहीत असून उतरन.

आता कॉम्प्युटर. मी शाळेची पायरी चढलो तेवढाच उतरलो, पण कॉम्प्युटरमधलं जे सांगतो ते पाहून सांगतो. त्याच्यात विंडो नावाची एक चीज असते, तिच्यावर मशीन चालते. तिचे नंबर असतात. सात, आठ, दहा, अकरा. नऊ नंबर काहून नाही, हे मी ज्याला ज्याला विचारलं त्यानं विषय बदलला.

जिनिंगमध्ये नवं मशीन आलं तेव्हा मालकानं जुनं शालिकला देऊन टाकलं. त्याच्यात सात नंबर होती. शालिक तिच्यावर पत्ते खेळे, अन् आमच्या विहारातल्या सूचना छापे. 'पौर्णिमेला विहारात खीर आहे. वाटी घरून आणावी. पातेलं आणू नये.' दुसरी ओळ सगळ्यांसाठी होती, तिसरी माझ्यासाठी.

ते मशीन म्हणजे म्हातारा बैल. दर आठ दिवसांनी बसे. बसलं की शालिक पुण्याला फोन लावे. तिथं त्याची एकुलती एक पोरगी, रंजू, कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. ती पुण्यात बसून याच्या मशीनमध्ये शिरे. पडद्यावरचा बाण आपोआप पळायला लागे. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा पायातली चप्पल हातात घेतली होती. शालिक म्हणे, "मारशीन बे! माही पोरगी हाये ते!"

मग फोन ओट्यावर ठेवून दोघांचं चाले.

"बाबा, हे काय घेऊन ठेवलं मशीनमध्ये?"

"मी नाई घेतलं. त्यानंच घेतलं."

"जेवलात का?"

"हो."

"काय?"

"भाकर."

"अन् भाजी?"

पडद्यावरचा बाण उभाच राही. मग हा म्हणे, "भाजी बी," अन् बाण परत चालायला लागे. रविवारची दुपार अशी निघून जाई. तो बाण इकडं फिरला की शालिकची मान इकडं, तिकडं फिरला की तिकडं. पोरगी घरातून झाडू मारत फिरावी अन् बापानं खाटेवरून पाहावं, तसं.

एक सांगून ठेवतो. या माणसानं पोरीला 'ये' असं कधी म्हटलं नाही. वहिनी गेल्यावरही नाही. ती विचारे, बाबा काही पाहिजे का? हा म्हणे, काई नाई. ती म्हणे, येऊ का? हा म्हणे, कायले? रजा वाया जाते. अन् फोन ठेवला की माझ्यावर खेकसे, "पाहून काय राह्यला, चहा ठेव!" घर त्याचं, चहा मी ठेवायचा.

मग एक दिवस कुरिअरनं नवा लॅपटॉप आला. रंजूनं पाठवला. पातळ, चांदीसारखा, आत सगळं भरून आलेलं. अकरा नंबर. फोनवर पोरगी खुशीत होती. "बाबा, याच्यात आता काहीच बिघडणार नाही. सगळं आपलं आपण दुरुस्त होते. तुम्हाला मला फोन करायची पाळीच येणार नाही!"

शालिक म्हणाला, "वा वा." गावात मयत झाल्याचं कळल्यावर माणूस 'अरेरे' म्हणतो ना, त्या आवाजात.

पहिल्या दिवसापासून त्यानं त्या मशीनशी भांडण काढलं. ते तोंड पाहून उघडे. हा म्हणे, "माह्याच घरात मलेच म्हणते तोंड दाखवा! मी काय कोर्टात उभा हावो?" मग त्याला कळलं, की कवळी लावून गेलं की मशीन उघडते, कवळी काढून गेलं की ओळख देत नाही. झालं. रोज सकाळी कवळी काढून त्याच्या पुढं बसे, गाल आत ओढून. मशीन म्हणे ओळखलं नाही. हा मला हाक मारून सांगे, "पाहा! याले माणूस समजत नाई, दात समजते!"

पण बिघडेना. रविवार आला, मशीन ठणठणीत. दुसरा आला, तसंच. रंजूचा फोन येई, पण नोकरीतल्या माणसाचा असतो तसा. बरं आहे ना? बरं आहे. ठेवू? ठेव. शालिक ओट्यावर बसून पडद्याकडं पाही. बाण एका जागी मेलेल्या माशीसारखा पडून.

एक दिवस उठला अन् लॅपटॉप पिशवीत टाकला. "चाल. बस स्टँडवर जाऊ. भरलेली गाडी हाये हे, रिकामी कराची. सात नंबर टाकाची."

बस स्टँडजवळ प्रफुल नावाचा पोरगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "काका, लोक सात काढून अकरा टाकतात. तुम्ही अकरा काढून सात टाकता? या मशीनवर सात धड बसतही नाही. बसवली तरी लंगडी चालेल."

"लंगडी म्हंजे?"

"वायफाय चालणार नाही."

"बरं."

"आवाज येणार नाही."

"अजून?"

"चित्रं फुगल्यासारखी दिसतील. बोटानं बाण हलणार नाही."

शालिक स्टुलावर पुढं सरकला. लग्नाच्या पंगतीत जिलेबीवाला आपल्याकडं येताना दिसला की माणूस सरकतो, तसा. "अजून काय काय नाई चालणार?"

प्रफुल चिडला. "काहीच नाही चालणार, काका!"

"नक्की ना? मंग मांगून चालू झालं असं नको व्हाले."

"मग तुमची पोरगीसुद्धा इथं शिरू शकणार नाही. नेटच नाही तर कशी शिरणार? कोणाला तरी इथं येऊन बसावं लागेल."

शालिकनं माझ्याकडं पाहिलं नाही. दाराबाहेर उभ्या एसटीकडं पाहिलं. "टाक," म्हणाला.

मला कागद वाचायला वेळ लागतो, पण तोंड मी लवकर वाचतो. मी मध्ये बोललो नाही. उलट प्रफुल कुरकुर करायला लागला तेव्हा मीच म्हटलं, "टाक म्हणतात ना भाऊ, टाक. मालक ते हायेत का तू?"

प्रफुल काही फसवणारा पोरगा नाही. बोलला तसंच झालं. घरी येऊन मशीन लावलं तर रंजूच्या फोटोतलं तोंड भोपळ्याएवढं, आवाज बंद, बाण जागेवर. शालिकनं पोरीला फोन लावला अन् रागानं बोलायचं सोंग घेतलं. ते त्याला काही साधलं नाही. "रंजू, मशीन बसलं व!" हे तो असं बोलला, जसं पोराचा पहिला नंबर आला.

पलीकडून स्फोट झाला. "बाबा! सात? कोणी टाकली? काहून टाकली? मी इथून काय करू आता? वायफायच नाही तर शिरू कुठून?"

"तेच तं! कुठून शिरशीन?" शालिक मोठ्या काळजीनं म्हणाला.

शालिकनं फोन कानाला असा दाबला, की कान लाल झाला. मग रंजूचा आवाज आला, "थांबा. मीच येते."

"कायले?" शालिक म्हणाला. सवय जात नाही माणसाची. मी त्याच्या पायावर पाय दिला. तेव्हा कुठं म्हणाला, "बरं. ये मंग."

ती आली तो आमचा बाजाराचा दिवस होता. सकाळच्या एसटीनं उतरली, पाठीवर पिशवी, डोळ्यांत जागरण. घर पाहिलं, फळीवर हात फिरवला, डब्यांत डोकावली, भाजीची टोपली उलटी करून पाहिली. शेवटी बापानं तिला मशीन दाखवलं अन् थैली घेऊन बाजारात पळाला. सत्तरीतला माणूस पळतो म्हणजे पळालाच म्हणायचं.

रंजूनं ओट्यावर मांडी घातली. सोबत आणलेली एक लहानशी काडी मशीनमध्ये खोचली अन् बसली. मी शेजारी. थोड्या वेळानं पडद्यावर नजर ठेवूनच म्हणाली, "किसनकाका, बाबांनी हे काहून केलं?"

"मले कॉम्प्युटरमधलं समजत नाई, पोरी."

"मी कॉम्प्युटरमधलं विचारून नाही राह्यली."

मी अंगणातल्या कडुलिंबाकडं पाहिलं. तिनं नाक ओढलं एकदा, अन् बोटं चालवत राहिली.

शालिक यायच्या आत मशीन उठलं होतं. अकरा नंबर जागच्या जागी बसली, चित्रं आपल्या मापात आली, बाण बोटाबरोबर पळायला लागला. मी डोळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. शालिक थैलीभर वांगी, मेथी, संभाराची जुडी, काय काय घेऊन दारात उभा. एवढी भाजी त्या घरात वहिनी गेल्यापासून आली नव्हती. थैली खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. "झालं का?" त्यानं विचारलं, अन् आवाज एकदम बारीक निघाला.

रंजूनं झाकण पटकन खाली केलं.

"कुठं झालं बाबा! काय करून ठेवलं तुम्ही! ऑफिसात कळवलं मी, मशीन चालू झाल्याशिवाय येत नाही म्हणून."

"पाह्यलं किसन्या?" शालिक माझ्यावर ओरडला. "मी म्हटलं नोतं, अकरा नंबर बेकार! पोरीच्या जिवाले घोर लावला त्यानं!" अन् थैली घेऊन आत पळाला. आतून लगेच विळा पाटावर वाजायला लागला.

इकडं झाकणाखालून मशीन मोठ्यानं 'टिंग' बोललं. आवाजही दुरुस्त झाला होता त्याचा. रंजू दचकली अन् खोकली. मीही खोकलो. चांगला दमदार, शेजारपाजारला ऐकू जाईल असा.

आत विळ्याचा आवाज थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत बसलो.

मग शालिक तिथूनच म्हणाला, "रंजू, तिखट खातं ना व तू अजून?"