सागिनबायचं तुतीचं धनुष्य

"धनुष्य करायला लागतं काय? लाकूड, चाकू आणि आमच्या घराण्याचं रक्त!"

ओश शहराजवळच्या आपल्या घरी सागिनबायनं होणाऱ्या व्याह्यांसमोर ही थाप ठोकली, तेव्हा त्याची बायको बुरुल हिच्या हातातला चहा सांडला. या घराण्याच्या रक्ताला दाराची कडी बसवायला तीन वर्षं लागली होती!

व्याही एशिमकान पडले जुने तिरंदाज. ते खुलले. "वा! रविवारी तुमच्या लेकीच्या, नुरझातच्या कानात डूल घालायला येतोच आहोत. तेव्हा तुमच्याच धनुष्यानं बाण मारू."

झालं! डूल घातले की सोयरीक पक्की. म्हणजे आता धनुष्य जमलं नाही, तर मुलीचा बाप पहिल्याच दिवशी खोटा ठरणार.

आजोबांनी तुतीचा एक दांडा आढ्याखाली ठेवला होता, लायक हात मिळेपर्यंत. बापानं त्याला हात लावला नव्हता. शहाणा माणूस! सागिनबायनं तो उतरवला, तासला, आणि रविवार उजाडला तरी टोकं उलटी वळवायची राहिलीच होती. त्याला हवी वाफ. अंगणात पाहुण्यांचं मटण रटरटत होतं.

"माझ्या हंड्यात लाकूड?" बुरुल ओरडली.

"वाफच घेतोय! तुझं मटण खातोय का?"

वाफ कमी पडली, म्हणून पठ्ठ्यानं दोन्ही टोकं थेट रश्श्यात बुडवली. मेंढीची चरबी लाकडात अशी मुरली की विचारू नका! टोकं मात्र झकास वळली. चुलीपाशी धरून सुकवली, दोरी चढवली आणि तो बायकोला म्हणाला, "बघ!"

"बघतेय. लोणी लावलेल्या काठीला दोरी बांधलीय."

तेवढ्यात पाहुणे आले. विहीणबाईंनी रुमालातून डूल काढले. एशिमकाननी धनुष्य हाती घेतलं, हुंगलं. "वास ओळखीचा वाटतोय."

"खास तेल आहे. घराण्याचं!"

त्यांनी दोरी खेचली. सट्! तुपकट टोकावरून दोरी सुटली, दांडा उलटा फिरला आणि व्याह्यांच्या डोक्यावरचा पांढराशुभ्र कल्पाक, म्हणजे मानाची लोकरी टोपी, उडून थेट हंड्यात पडला!

अहो, आमच्याकडे कल्पाक जमिनीवरसुद्धा ठेवत नाहीत, आणि इथं तो मेंढीच्या मुंडीशेजारी शिजत होता! विहीणबाईंनी डूल पुन्हा रुमालात गुंडाळले. नुरझातच्या डोळ्यांत पाणी आलं. सागिनबायनं घाईघाईनं स्वतःचा नवाकोरा कल्पाक काढून व्याह्यांच्या डोक्यावर ठेवला. तो डोळ्यांवर घसरला.

"चुकलो, व्याही! मला धनुष्यातलं काही कळत नाही!" घराण्याचं रक्त एवढं खरं पहिल्यांदाच बोललं असेल.

एशिमकाननी कल्पाक डोळ्यांवरून वर सारला. चेहरा दगडासारखा.

"एकच विचारतो. खरं सांगा, म्हणजे पुढचं ठरवू. मुलगी कोणावर गेलीय?"

सागिनबाय छाती काढून "माझ्या..." एवढं म्हणाला, तोच मायलेकी एका सुरात ओरडल्या, "आईवर!"

विहीणबाईंनी तत्काळ रुमाल सोडला आणि नुरझातच्या कानात डूल घातले.