पत्ता चुकलाय

आमच्या कान्हे गावात ‘देवाची कृपा’ हे शब्द नारायणआबांच्या कानांवर पडू देऊ नयेत, असा अलिखित नियम आहे. पडलेच, तर आबा सायकल थांबवतात, स्टँडवर लावतात आणि म्हणतात, "पत्ता चुकलाय तुमचा. काम कुणी केलं, त्याचं नाव सांगा."

नाव सांगेपर्यंत ते हलत नाहीत. आबांचा जन्म पोस्टमनकीत गेला. आभार हेही टपालच आणि ते बरोबर माणसाच्या हातात पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होऊनही त्यांनी वाटप काही सोडलेलं नाही.

माझ्या मुलीच्या वेळी मी अडले होते. सगळं सुखरूप पार पडल्यावर मी पेढे घेऊन मारुतीला निघाले, तर वाटेत आबा आडवे. मला उलटं फिरवून त्यांनी दवाखान्यात नेलं आणि चार तास माझी कंबर चोळणाऱ्या आयाबाईंना शोधून काढलं. आबांच्या अंगात अजून खाकी शर्ट. बाईंना वाटलं, कुणीतरी तक्रार केलीय. "म्या काय बी केलं न्हाई" असं त्या पेढा हातात घेऊनही म्हणत होत्या. तोवर मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं, याची लाज मला आजही वाटते.

सगळीच टपालं अशी नीट पोचत नाहीत. वस्तीवर बोअरला पाणी लागलं, तेव्हा आबांनी देवीचा हार बोअरच्या गाडीवाल्याच्या गळ्यात घालायला लावला. गाडीवाला तमिळ, मराठीचा गंध नाही. त्यानं हार गळ्यातून काढला, मशीनला घातला, समोर नारळ फोडला, कापूर लावला आणि डोळे मिटून हात जोडले. आख्ख्या वस्तीनं त्याच्यामागे हात जोडले. आबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पण मयत कुणाच्याही घरी असो, आबा पहिले हजर. दवाखान्यात डबा न्यायला तेच. बुद्धजयंतीची खीर आणि गणपतीचे मोदक ते सारख्याच आवडीनं खातात, वर सांगतात की प्रसाद म्हणून नाही, करणारीचा मान म्हणून. मी एकदा विचारलं, देव मानत नाही तर एवढी धावपळ कशाला? म्हणाले, "वर कुणी न्हाई, म्हणून तर. आपण न्हाई गेलो तर कोन जानार?"

त्यांच्या बायकोचे, सरूकाकींचे, देव मात्र देव्हाऱ्यात मावत नव्हते. त्यांच्या पूजेला रोज सकाळी फुलं कोण आणायचं? आबाच. ती काकींच्या हातात द्यायची, पुढे त्या कुणाला वाहतात ते आपण बघायचं नाही, असा त्यांचा हिशेब.

चार वर्षांपूर्वी आबांना हार्टचा झटका आला. काकी कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलल्या: हे उठले, तर अनवाणी येऊन तुझी ओटी भरीन. आबा उठले आणि त्यांना दवाखान्यात पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याच्या घरी पेढे देऊन आले. काकी म्हणाल्या, आता मला तेवढं डोंगरावर न्या. आबा म्हणाले, पत्ता चुकलाय. काकींचे गुडघे गेलेले, एकटीनं चढवेना. त्यांनी तीन चैत्र विचारलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर ऐकलं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर काकी गेल्या.

यंदा चैत्राची जत्रा ओसरल्यावर आबा माझ्या दारात आले. खांद्याला जुनी टपालाची पिशवी, तिच्यात हिरवा खण, नारळ, तांदूळ. खण काकींनीच आणून ट्रंकेत ठेवलेला.

"ओटी बाईमानसानं भरायची असती म्हनं," ते म्हणाले. "येतीस का?"

मी सरळ विचारलं, आबा, तुमचा विश्वास बसला का?

"न्हाई. त्यात काय बदल न्हाई. पन तितं घेनारं हाय का न्हाई, ते पोस्टमननं घरी बसून ठरवायचं नसतं. दारापातुर जावं लागतं. तीनदा आली ती माझ्याकडं. तीनदा मी हितल्या हितंच परत केलं."

माझ्या स्कूटीवरून आम्ही पायथ्याशी गेलो. आबांनी चपला पिशवीत टाकल्या. पायऱ्या तापल्या होत्या. मी सावलीतून चला म्हणाले, तर त्यांनी ऐकलं नाही. वर मी ओटी भरली. पुजाऱ्यानं कुणाच्या नावानं विचारलं, तेव्हा आबांनी उंबऱ्याबाहेरून काकींचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं. हात जोडले नाहीत. पुजाऱ्यानं फोडलेल्या नारळाची एक वाटी त्यांच्या हातावर ठेवली.

उतरताना ते मधेच एका पायरीवर बसले. तळव्यांना फोड आले होते. वाटी हातातच होती.

"पोचपावती पाठवनाऱ्याला न्हेऊन द्यायची असती," ते म्हणाले. "आता ही कुटं न्हेऊ? सरू कुटंच न्हाई. वर न्हाई, खाली न्हाई. मला पक्कं म्हाईत हाय."

आणि ते रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसले. मीही रडले.

मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"कुनाला तरी सांगायला पायजे. तू हायेस, तर तुला सांगतो. सरूचं पोचलं."

मी दोन्ही हात पुढे केले आणि वाटी घेतली.

"मिळालं, आबा," मी म्हणाले.