गाझोझ पकडला गेल्याची चौकशी

नगरपालिकेच्या श्वानपकड विभागातला कर्मचारी नेव्झात याने कामावर असताना एक कुत्रा पकडला, अशी गंभीर तक्रार आल्यामुळे मंगळवारी सकाळी दहा वाजता शिस्तभंग समिती बसली. इतिवृत्त लिहायला मी होतो. तो कुत्रा ज्या गल्लीतला, त्याच गल्लीत मी राहतो, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे, असं समितीने आधीच ठरवून टाकलं होतं.

नेव्झात एकोणीस वर्षं नोकरीत आहे. एखाद्या कुत्र्याबद्दल तक्रार आली की तो गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तीनदा भोंगा वाजवायचा. तेवढ्यात लोक कुत्र्यांना जिन्याखाली लपवायचे. मग तो चहाखान्यात दोन पेले चहा घ्यायचा, ‘जागेवर श्वान आढळला नाही’ असं लिहायचा आणि परत यायचा. तक्रारदाराला शिक्क्याचं उत्तर मिळायचं, कुत्र्याला त्याची सावली परत मिळायची. या कामाबद्दल त्याला दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं आहे.

त्या दिवशी भोंगा बिघडलेला होता. दुरुस्तीचा अर्ज तीन महिने भांडार विभागात विचाराधीन होता. गाडी गुपचूप आत शिरली. गाझोझ, म्हणजे आमच्या गल्लीतला पिवळा कुत्रा, औषधाच्या दुकानाच्या दारात आडवा पसरला होता. गाडीत नियमाप्रमाणे आमिष म्हणून कोंबडीचे पंख ठेवलेले असतात. वास येताच गाझोझ उठला आणि आपणहून गाडीत चढला. नेव्झातने नोकरीत पहिल्यांदाच मागचं दार लावलं.

“दार का लावलंस?” अध्यक्ष फेरीदून बे यांनी विचारलं. आमच्याकडे साहेबांना ‘बे’ म्हणतात.

“बे, कुत्रा आत होता.”

“मग?”

“एक्केचाळीस जणांनी सह्या करून कळवलं होतं, याला पकडा म्हणून.”

मागच्या बाकावरून सादेत हनीम, म्हणजे सादेत बाई, उठल्या. त्या निवृत्त शिक्षिका. तो अर्ज त्यांच्याच अक्षरात होता. “अर्ज केला म्हणजे काय लगेच पकडायचं? एकोणीस वर्षं अर्ज करतेय मी. कधी पकडलंस? आत्ताच कुठून अक्कल आली तुला, मेल्या?”

“पण बाई, मोटारसायकलींमागे धावतो, असं तुम्हीच लिहिलं होतंत.”

“धावतो. आमच्याच गल्लीत धावतो ना? आता तो नाही म्हटल्यावर वरच्या मोहल्ल्यातली चार कुत्री येऊन बसलीयत. त्यांना कोण हाकलणार, तुझा काका?”

समितीने दोघांचंही म्हणणं मान्य केलं. गाझोझला परत आणावं, यावर एकमतही झालं. पण तो प्रकरणातला पुरावा असल्याने निकाल लागेपर्यंत त्याला नगरपालिकेच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून हलवता येईना. निकालात नेव्झात दोषी ठरला तर त्याला बडतर्फ करावं लागणार, आणि पकडलेला कुत्रा परत सोडण्याचा परवाना गावात फक्त त्याच्याच नावावर. समितीने चहा मागवला.

नेव्झातने पेल्याला हात लावला नाही. सप्टेंबरात त्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि मुलीचा बाप सरकारी नोकरीत आहे एवढ्या एकाच गोष्टीवर मुलाकडच्यांनी होकार दिला होता.

अखेर फेरीदून बे यांनी तोडगा काढला. कागद मीच लिहिला: ‘त्या दिवशी जागेवर श्वान आढळला नाही.’ कुत्रा पकडलाच नाही तर गुन्हा नाही, आणि गुन्हाच नाही तर शिक्षा कसली?

“सही कर आणि उद्यापासून कामावर ये.”

नेव्झातने पेन घेतलं. “बे, मग निवाऱ्यातला गाझोझ?”

“जो पकडलाच नाही, तो निवाऱ्यात कसा असेल?”

“आहे बे. काल भाकरी देऊन आलो त्याला. सोडायचा आदेश तेवढा...”

“न पकडलेल्या कुत्र्याला सोडायचा आदेश काढू? मला घरी बसवायचंय का तुला?”

नेव्झातने सादेत हनीमकडे पाहिलं. त्या पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या. त्याने सही केली. साक्षीदार म्हणून मीही केली. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण जेवणाची सुट्टी झाली होती आणि सगळे उठले होते.

आता आम्हाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. त्याआधी एवढंच सांगा, तुमच्या गल्लीतला तो कुत्रा महिनाभर दिसत नाहीये. तो कुठे गेला, असं तुम्ही कुणाला विचारलंत?